धोका ठाऊक होताच: अमेरिकी काउंट्यांच्या आपत्ती-तयारीमागचा इतिहास

अमेरिकेत काउंट्या, म्हणजे आपल्या जिल्ह्यांसारखे राज्यांचे प्रशासकीय विभाग, ३ हजारांहून अधिक आहेत. लुइझियानात त्यांना पॅरिश म्हणतात, अलास्कात बरो. नाव काहीही असो, नदी फुगली किंवा वणवा पेटला की धावाधाव पहिल्यांदा तिथेच सुरू होते. रस्ते कधी बंद करायचे, निवारा कुठे उघडायचा, वस्ती रिकामी करायला कधी सांगायचे, हे बहुतेक ठिकाणी स्थानिक पातळीवरच ठरते. वॉशिंग्टनची मदत नंतर येते, तीही साधारणपणे राज्याने मागणी केल्यावर आणि राष्ट्राध्यक्षांनी आपत्ती जाहीर केल्यावर. आज बहुतेक काउंट्यांकडे नैसर्गिक धोक्यांचा जाडजूड आराखडा असतो. पण ही व्यवस्था कोणी एका बैठकीत आखलेली नाही. एकेका दुर्घटनेनंतर तिला एकेक ठिगळ लागत गेले, आणि बहुतेक वेळा त्या दुर्घटनेचा धोका आधीपासून ठाऊक होता.

टेक्ससच्या किनाऱ्यावरचे इंडियानोला हे त्याचे जुने उदाहरण. कॅलहून काउंटीचे हे मुख्यालय आणि भरभराटीचे बंदर १८७५ च्या वादळात उद्ध्वस्त झाले. लोकांनी ते पुन्हा उभे केले. १८८६ मध्ये दुसरे वादळ आले, सोबत आगही लागली, आणि या वेळी लोकांनी गाव सोडले. काउंटीचा कारभार पोर्ट लव्हाकाला हलवला गेला.

तिथून २०० किलोमीटरच्या आत, त्याच किनाऱ्यावर गॅल्व्हस्टन हे बेटावरचे शहर होते. बेटाचा सर्वांत उंच भाग समुद्रसपाटीपासून जेमतेम पावणेतीन मीटर. इंडियानोलाचे हाल पाहून समुद्रभिंतीची मागणी झाली, पण पैसे कोणी काढले नाहीत. १८९१ मध्ये तिथल्या हवामान कार्यालयाचे प्रमुख आयझॅक क्लाइन यांनी वर्तमानपत्रात लेख लिहून वादळाने शहराचे मोठे नुकसान होईल ही भीतीच खुळचट ठरवली. ८ सप्टेंबर १९०० रोजी साडेचार मीटरहून उंच उधाण बेटावरून गेले. किमान ६ हजार माणसे मेली. अनेक अंदाज ८ हजारांच्या पुढे जातात. क्लाइन यांची पत्नीही त्यांत गेली. त्या एका माणसाला दोष देऊन मोकळे होणे सोपे आहे, पण त्यांचे म्हणणे शहराला आवडले होते, कारण ते फुकट होते.

नंतर मात्र जे काम झाले, ते आजही थक्क करते. काउंटीने रोखे काढून पैसा उभारला आणि १९०४ पर्यंत १७ फूट उंचीची, तीन मैलांहून लांब भिंत उभी राहिली. पण भिंतीमागची जमीन सखलच होती. मग शहरच वर घ्यायचे ठरले. घरे, दुकाने, चर्च हाताने फिरवायच्या जॅकवर इंच इंच उचलायची आणि खाली समुद्रातून उपसलेली वाळू पाण्याबरोबर सोडायची. सेंट पॅट्रिक चर्चचे वजन सुमारे ३ हजार टन होते. तेही असेच उचलले गेले. २ हजारांहून अधिक इमारती वर चढल्या. तोवर लोक वाळूच्या चिखलावर टाकलेल्या लाकडी फळ्यांवरून ये-जा करत होते. १९१५ मध्ये तितक्याच ताकदीचे वादळ आले, तेव्हा शहरातले मृत्यू अगदी थोडे होते.

गॅल्व्हस्टनइतकी हिंमत पुढे फारशा ठिकाणी दिसली नाही. सरकारी मदतीची सवय लागत गेली. १८०२ च्या अखेरीस न्यू हॅम्पशायरमधले पोर्ट्समथ जळाले, तेव्हा काँग्रेसने तिथल्या व्यापाऱ्यांना कर भरायला मुदतवाढ दिली होती. त्यानंतर दीडशे वर्षे प्रत्येक संकटापुरता वेगळा कायदा होत राहिला. १९५० मध्ये कायमस्वरूपी आपत्ती मदत कायदा आला. त्याच सुमारास नागरी संरक्षणाचा कायदाही झाला, आणि काउंट्यांच्या तयारीवर त्याचाच ठसा जास्त खोल उमटला. रशियाचा अणुबॉम्ब पडेल या भीतीने गावोगावी भोंगे बसले, काउंटीत नागरी संरक्षणाचा अधिकारी नेमला जाऊ लागला. बॉम्ब पडला नाही. टोर्नेडो, म्हणजे सोंडेसारखी जमिनीला टेकून फिरणारी वादळे, मात्र दरवर्षी येत होती, तेव्हा भोंगे त्यांच्या इशाऱ्यासाठी कामी आले.

तोवर टोर्नेडोचा अंदाज देता येतो हेही सिद्ध झाले होते. लोक घाबरतील म्हणून कित्येक दशके सरकारी अंदाजांत टोर्नेडो हा शब्दच वापरू दिला जात नसे. २० मार्च १९४८ रोजी ओक्लाहोमातल्या टिंकर हवाई तळाची टोर्नेडोने धूळधाण केली. पाच दिवसांनी तशीच हवामानस्थिती दिसताच फॉबुश आणि मिलर या दोन लष्करी अधिकाऱ्यांनी इशारा दिला, विमाने आत घेतली गेली, आणि त्याच संध्याकाळी टोर्नेडो खरोखरच तळावर आला. पुढे इशारे काउंटीच्या हद्दीनुसार निघू लागले. वादळ एका कोपऱ्यातून जाणार असले, तरी भोंगा अख्ख्या काउंटीत वाजायचा. ही पद्धत ऑक्टोबर २००७ पर्यंत चालली. त्यानंतर वादळाच्या मार्गाभोवती आखलेल्या क्षेत्रापुरते इशारे निघू लागले. सवय मात्र लगेच जात नाही. मे २०११ मध्ये मिसूरीतल्या जॉप्लिनमध्ये दीडशेहून अधिक माणसे गेली. भोंगा वाजूनही अनेकांनी आभाळ पाहून, टीव्ही लावून आधी खात्री करून घेतली, असे नंतरच्या सरकारी पाहणीत दिसले. वारंवार वाजणाऱ्या भोंग्याकडे कोण लक्ष देतो?

पुराची गोष्ट वेगळी आहे. तिथे खरा वाद घर कुठे बांधायचे याचा. गिल्बर्ट व्हाइट या भूगोलतज्ज्ञाने १९४० च्या दशकातच मांडले होते, की पूर ही देवाची करणी असेल, पण पुराचे नुकसान बहुतांशी माणसाची करणी असते. धरणे आणि बांध यांच्या भरवशावर लोक नदीच्या आणखी जवळ सरकतात, हा त्यांचा मुद्दा. १९६८ चा पूर विमा कायदा याच विचारातून आला: स्थानिक प्रशासनाने पूररेषेच्या आतल्या बांधकामाला शिस्त लावायची, बदल्यात रहिवाशांना केंद्राचा विमा मिळायचा.

त्यासाठी नकाशावर जी रेषा ओढली, तिने वेगळाच घोटाळा केला. ‘शंभर वर्षांतला पूर’ म्हणजे दर वर्षी १ टक्का शक्यता असलेला पूर. ३० वर्षांच्या गृहकर्जाच्या मुदतीत तो येण्याची शक्यता सुमारे २६ टक्के भरते. पण ऐकणाऱ्याला वाटते, नुकताच येऊन गेला, आता नातवंडांच्या काळात बघू. ह्यूस्टन ज्या हॅरिस काउंटीत आहे, तिथे १९३७ पासून पूर नियंत्रणाचे स्वतंत्र खाते आहे. तरीही २०१७ मध्ये हार्वे वादळात तिथली सुमारे दीड लाख घरे पाण्यात गेली, आणि त्यांतली दोन-तृतीयांश घरे शंभर वर्षांच्या रेषेबाहेर होती. रेषेच्या आत धोका आणि बाहेर कोरडे, असे पाणी वागत नाही.

कोलोरॅडोतल्या लॅरिमर काउंटीत त्यामानाने साधा उपाय झाला. ३१ जुलै १९७६ च्या संध्याकाळी बिग थॉम्पसन दरीच्या वरच्या भागात काही तासांत सुमारे १२ इंच पाऊस पडला. १४० हून अधिक माणसे गेली. अनेक जण गाडीतून दरीबाहेर पडायच्या प्रयत्नात होते, आणि पाणी गाडीपेक्षा वेगाने येत होते. त्यानंतर अशा दऱ्यांतल्या रस्त्यांवर पाट्या लागल्या: पूर आल्यास वर चढा. गाडी सोडून शेजारच्या उतारावर उंच चढायचे, एवढेच त्या सांगतात.

आजच्या आराखड्यांचे मूळ २००० सालच्या कायद्यात आहे. फेमा ही आपत्ती व्यवस्थापनाची केंद्रीय संस्था १९७९ पासून होती, पण तिचा बहुतेक पैसा मोडतोडीनंतर जायचा. नव्या कायद्याने अट घातली: मंजूर स्थानिक आराखडा नसेल, तर धोका कमी करण्याच्या कामांना केंद्राचा निधी नाही, आणि तो आराखडा दर पाच वर्षांनी सुधारायचा. कोणत्याही काउंटीचा आराखडा उघडा, आत एक तक्ता हमखास सापडेल. पूर, वणवा, भूकंप, हिमवादळ एकाखाली एक, आणि प्रत्येकापुढे शक्यता, व्याप्ती, जीवित आणि वित्तहानी. त्यापुढे कामांची यादी. रहिवाशाने तक्त्यापेक्षा ही यादी नीट वाचावी. धोक्याला गुण देणे सोपे असते; काम कोण करणार आणि पैसा कुठून येणार या रकान्यांत खरी परिस्थिती कळते. लहान काउंटीत हे सगळे पाहणारा अधिकारी बऱ्याचदा अर्धवेळ असतो, हेही लक्षात ठेवावे.

आराखडा असूनही काय होते, ते कॅलिफोर्नियातल्या ब्यूट काउंटीत दिसले. २००८ च्या वणव्यांनंतर तिथल्या नागरी ग्रँड ज्युरीने, म्हणजे स्थानिक कारभार तपासणाऱ्या नागरिकांच्या मंडळाने, पॅराडाइज गावातून बाहेर पडायचे रस्ते अपुरे असल्याचे बजावले होते. गावाने विभाग पाडले, सरावही घेतला. पण एकेक विभाग रिकामा करायचा हे त्यामागचे गृहीतक होते. नोव्हेंबर २०१८ मध्ये आग एकदम सगळीकडे आली. ८५ माणसे गेली.

टेक्ससच्या केर काउंटीत ग्वाडालूप नदीच्या पुरांची कोणालाच नवलाई नव्हती. १९८७ मध्ये याच नदीच्या पुरात शिबिराहून परतणारी १० मुले वाहून गेली होती. २०१६-१७ च्या सुमारास काउंटीत इशारा यंत्रणेची चर्चा झाली, सुमारे १० लाख डॉलरसाठी अर्जही गेला, तो मंजूर झाला नाही. ४ जुलै २०२५ च्या पहाटे नदी पाऊण तासात सुमारे २६ फूट चढली आणि या एकाच काउंटीत शंभराहून अधिक माणसे गेली, त्यांत उन्हाळी शिबिराला आलेल्या लहान मुली होत्या. इशारा रात्री सव्वाच्या सुमारास निघाला होता, तेव्हा बहुतेक जण झोपेत होते. सप्टेंबरमध्ये राज्याने कायदा करून पूररेषेच्या आत मुलांना झोपवायच्या खोल्यांना बंदी घातली आणि भोंग्यांसाठी पैसे ठेवले. त्या चर्चेत काही शिबिरचालकांनी हा खर्च आपल्याला परवडणार नाही, असे सांगितले.