लोखंड नसलेल्या नळ्या चुंबकापुढे का वळतात?

‘रक्तात लोह असतं, म्हणून चुंबकीय कडं घातलं की रक्ताभिसरण सुधारतं’ अशी जाहिरात अजूनही चालते. ती खोटी आहे. ऑक्सिजन घेतलेलं हिमोग्लोबिन प्रतिचुंबकीय असतं, म्हणजे चुंबक त्याला ओढत नाही, किंचित दूर लोटतो. पॉलिंग आणि कोरिएल या रसायनशास्त्रज्ञांनी हे १९३६ सालीच दाखवलं. उलट, ज्यात लोहाचा कणही नाही अशा पेप्टाइडच्या (अमिनो आम्लांच्या छोट्या साखळीच्या) नळ्या तीव्र चुंबकीय क्षेत्रात एका दिशेला वळतात!

या नळ्या बनतात डायफेनिलअ‍ॅलानिनपासून. हे जेमतेम दोन अमिनो आम्लांचं पेप्टाइड. अल्झायमरशी संबंधित बीटा-अमायलॉइड प्रथिनात ही जोडी आढळते. ती एकटीच पाण्यात आपोआप नळ्या रचते, हे तेल अवीव विद्यापीठातल्या रेचेस आणि गाझित यांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केलं.

आता खरी गंमत. प्रत्येक रेणूत बेंझिनसारखी, अणूंची दोन कडी असतात. चुंबकीय क्षेत्र कड्याच्या प्रतलाला लंब असलं की कड्यातल्या इलेक्ट्रॉनांचा प्रवाह त्या क्षेत्राला सर्वाधिक विरोध करतो आणि ऊर्जा वाढते. म्हणून कडं वळू पाहतं आणि आपलं प्रतल क्षेत्राला समांतर आणतं. पण हा जोर किती? १२ टेस्लाला (टेस्ला हे चुंबकीय क्षेत्राचं एकक) एका कड्यामागे ऊर्जेचा फरक सुमारे ७×१०⁻²⁶ जूल. खोलीच्या तापमानाला उष्णतेचे धक्के (kT) ४×१०⁻²¹ जूलचे. म्हणजे धक्के साठ हजार पट मोठे, सुटा रेणू कधीच वळणार नाही.

नळीत मात्र रेणू एकमेकांना घट्ट बांधलेले असतात, त्यामुळे त्यांचे जोर एकत्र येतात. शंभर नॅनोमीटर जाड, एक मायक्रॉन लांब नळीत कडी कोटींच्या घरात असतात. सगळी एका दिशेला नसतात, बरीच परस्परांचा परिणाम खोडतात; तरी उरलेली बेरीज धक्क्यांवर मात करते. ऊर्जा क्षेत्राच्या वर्गाच्या प्रमाणात असल्यामुळे १२ ऐवजी १ टेस्ला वापरलं तर परिणाम १४४ पट घटतो. टेबलावरचा चुंबक इथे निरुपयोगी ठरतो.

अशा नळ्या बनवून वळवण्याची कृती साधी आहे, पण क्रम चुकला की सगळं वाया. पेप्टाइड हेक्झाफ्लोरोआयसोप्रोपॅनॉलमध्ये १०० मिलिग्रॅम प्रति मिलिलीटर विरघळवायचं. कुपी काचेचीच घ्या, कारण हा द्रावक काही प्लॅस्टिकं विरघळवतो. तो दाहक असल्यामुळे काम धूर-कपाटातच (वाफा बाहेर खेचणाऱ्या बंदिस्त कपाटात). द्रावण दर वेळी ताजं करावं, शिळ्यात आधीच गुठळ्या झालेल्या असतात. त्यातले २० मायक्रोलीटर ९८० मायक्रोलीटर पाण्यात टाकले की २ मिलिग्रॅम प्रति मिलिलीटर होतं आणि द्रव पांढुरका दिसू लागतो. कुपी त्याच वेळी क्षेत्रात हवी. नळ्या एकमेकींत अडकून जाळं झालं की त्या जागच्या हलत नाहीत, मग क्षेत्र कितीही वाढवा. नंतर पाणी वाढवू नये, नळ्या विरघळतात.

फसवणूक होते ती थेंब वाळवताना. वाळत्या थेंबाच्या कडेला नळ्या चुंबकाशिवायही ओळीत बसतात, आणि उत्साहात तेच छायाचित्र ‘चुंबकाचा परिणाम’ म्हणून दाखवलं जातं. म्हणून तसाच दुसरा नमुना क्षेत्राबाहेर ठेवावा आणि दोन्ही ओलेच तपासावेत. एकमेकांना लंब असलेल्या दोन ध्रुवकांमध्ये (एकाच दिशेत कंप पावणारा प्रकाश जाऊ देणाऱ्या गाळण्यांमध्ये) नमुना सूक्ष्मदर्शकाखाली फिरवा. नळ्या खरोखर एका दिशेत असतील तर सगळं दृश्य एकाच वेळी उजळतं, ४५ अंश फिरवल्यावर एकाच वेळी काळवंडतं. ठिपके वेगवेगळ्या कोनांत उजळत असतील, तर रांग लागलेलीच नाही.

साध्या चुंबकाने काम भागवायचं असेल तर पेप्टाइडच्या तंतूंवर दहा नॅनोमीटरच्या आसपासचे मॅग्नेटाइटचे (चुंबकीय लोह-ऑक्साइडचे) कण चिकटवतात. सिट्रेटचं आवरण असलेले ऋणभारित कण धनभारित पेप्टाइडला धरतात. पण द्रावणात मीठ जास्त झालं तर भार झाकले जातात, कण गोळा होऊन तळाशी बसतात, आणि चुंबक मग त्या गाळालाच ओढतो.