चालकाच्या मांडीभोवतीची लाल दोरी

स्पीडबोटीत बसलात की आधी थ्रॉटलच्या, म्हणजे वेग कमी-जास्त करायच्या दांडीपाशी बघा. जुन्या टेलिफोनच्या वायरीसारखी वेटोळ्यांची एक लाल दोरी तिथे लोंबत असते. तिच्या एका टोकाला प्लॅस्टिकची चिमटी असते आणि ती एका बटणाला अडकवलेली असते. दुसऱ्या टोकाला हुक असतो. हे टोक चालकाच्या मांडीभोवती असायला हवं. चालक जागेवरून फेकला गेला की दोरी ताणली जाते, चिमटी निसटते आणि इंजिन त्याच क्षणी बंद पडतं. हिला किल कॉर्ड म्हणतात.

मालवणला आम्ही ज्या बोटीत बसलो होतो, तिच्यातली ही दोरी स्टिअरिंगमागे गुंडाळून ठेवलेली होती. "दादा, ही लावत नाही का?" मी विचारलं. "पायात येता ती," तो म्हणाला. पोरगा चांगला होता, पाण्याची त्याला उत्तम जाण होती. तरीही परत किनाऱ्याला लागेपर्यंत माझं लक्ष त्या दोरीवरून हटलं नाही, कारण पॅडस्टोची घटना मला ठाऊक होती.

पॅडस्टो हे इंग्लंडमधल्या कॉर्नवॉलचं किनाऱ्यावरचं गाव. ५ मे २०१३ रोजी तिथल्या खाडीत आई-वडील आणि चार मुलं सुमारे ८ मीटर लांबीच्या बोटीतून फिरत होती. वेगात वळताना बोटीने असा हिसका दिला की सहाही जण पाण्यात फेकले गेले. किल कॉर्ड बोटीत होती, पण कोणाच्याच अंगाला लावलेली नव्हती. इंजिन चालूच राहिलं. रिकामी बोट तिथेच गरागरा घिरट्या घालू लागली आणि पाण्यात पडलेल्या माणसांवरूनच गेली. वडील आणि आठ वर्षांची मुलगी दगावली. आई आणि मुलगा यांच्या पायांना भयंकर जखमा झाल्या. शेवटी एका स्थानिक माणसाने दुसऱ्या बोटीतून त्या रिकाम्या बोटीवर उडी मारली आणि तिला थांबवलं.

बोटीने माणसं फेकली कशी? हे समजायला वेगातली बोट पाण्यात कशी असते ते बघावं लागतं. खरं तर ती पाण्यात फारशी नसतेच. संथ चालणारी होडी पाणी बाजूला सारून त्यात बसलेली असते. वेग वाढला की पाण्याचा मार तळाला वर उचलतो आणि बोट पृष्ठभागावरून घसरत जाऊ लागते. चपटा दगड फेकून तळ्यावर भाकऱ्या काढल्या असतील, तर तोच हा प्रकार. याला प्लेनिंग म्हणतात. अशा वेळी तळाचा फक्त मागचा भाग पाण्याला टेकलेला असतो. म्हणूनच ती इतकी वेगाने पळते आणि म्हणूनच तिचा तोल इतका नाजूक असतो.

आता वळण घ्या. ताशी ७२ किलोमीटर म्हणजे सेकंदाला २० मीटर. या वेगाने ४० मीटर त्रिज्येचं वळण घेतलं, तर वळणासाठी लागणारा आडवा जोर जवळपास गुरुत्वाकर्षणाइतका होतो. साठ किलोच्या माणसाला, तेवढंच वजन कोणीतरी आडवं खेचतंय असं वाटेल. सीटबेल्ट नाही, हातात असली तर एक दांडी. हेच वळण निम्म्या वेगाने घेतलं तर जोर निम्मा होत नाही, पावपट होतो. नेमकं हेच गणित चालकांना पटवून सांगायला हवं, असं मला फार वाटतं.

त्यातच वळताना नाळ, म्हणजे पुढचं टोक, पाण्यात रुतली तर घात होतो. नाळ जणू खुंटा बनते, मागची बाजू बाहेर घसरते आणि मग तळ एकदम पाणी पकडतो. बोटीची दिशा क्षणात बदलते. आतली माणसं मात्र जुन्याच दिशेने, जुन्याच वेगाने पुढे जात असतात आणि काठावरून थेट पाण्यात पडतात.

मग रिकामी बोट परत का येते? स्टिअरिंग वळलेलं राहिलं असेल तर बोट वळतच राहणार, हे उघड आहे. पण ते सरळ असलं तरी पाण्याखाली फिरणारा पंखा इंजिनाला एका बाजूला ढकलत असतो. एरवी चालकाचा हात तो रेटा सांभाळतो. हात गेला की बोट वर्तुळात शिरते आणि त्या वर्तुळाच्या आसपासच माणसं तरंगत असतात. पंख्याच्या मिनिटाला अडीच हजार फेऱ्या धरल्या, तर त्याची तीन पाती मिळून सेकंदाला सव्वाशे वार करतात.

लाट हा दुसरा धोका. फॉर्म्युला वनचा फ्रेंच ड्रायव्हर दिदिए पिरोनी मोटारीच्या अपघातात पाय मोडल्यावर पॉवरबोटींच्या शर्यतीत उतरला. २३ ऑगस्ट १९८७ रोजी इंग्लंडच्या आइल ऑफ वाइट बेटाजवळ एका तेलवाहू जहाजामागे उठलेल्या लाटांवर त्याची बोट आदळून उलटली. तो आणि त्याचे दोन्ही साथीदार गेले. जहाजामागच्या ज्या लाटेवर मच्छीमाराचं होडकं डुलून पार होतं, ती प्लेनिंग करणाऱ्या बोटीला चढणीसारखी हवेत उडवते.

आपल्याकडे १८ डिसेंबर २०२४ कोणी विसरलेलं नाही. इंजिनाची चाचणी चालू असताना नौदलाच्या स्पीडबोटीचा ताबा सुटला आणि ती गेटवेहून घारापुरीकडे निघालेल्या 'नीलकमल' फेरीवर आदळली. १५ जीव गेले. धडक झाली तेव्हा अनेक प्रवाशांच्या अंगात लाइफ जॅकेट नव्हतं. थंड डोक्याच्या पट्टीच्या पोहणाऱ्यालाही बुडत्या फेरीच्या गर्दीत बाकाखालून जॅकेट काढून घालणं जमत नाही. ते धक्क्यावरच घालायचं आणि पट्टे आवळायचे.

समोरून येणारी बोट आपल्याला धडकणार का, हे ओळखायची खलाशांची एक जुनी खूण आहे. ती बोट आपल्या एखाद्या खांबाच्या रेषेत धरायची. ती पुढे किंवा मागे सरकत असेल तर बहुधा पार होईल. ती तिथेच राहून नुसती मोठी होत असेल तर टक्कर ठरलेली. आपल्या डोळ्याला हलणारी गोष्ट लगेच दिसते, स्थिर गोष्ट दिसत नाही, त्यामुळे नेमकी धोक्याची बोटच नजरेतून निसटते. त्यात वेग घेताना नाळ वर उचलली जाते आणि समोरचं पाणी काही क्षण झाकलं जातं. सेकंदाला २० मीटरच्या वेगात दोनशे मीटर अंतर दहा सेकंदांत संपतं, आणि बोटीला ब्रेक नसतो.

किल कॉर्डबद्दल अमेरिकेने १ एप्रिल २०२१ पासून कायदाच केला. २६ फुटांखालच्या बोटी प्लेनिंगवर असताना चालकाने ती लावलीच पाहिजे. लावायची रीत सोपी आहे. मांडीभोवती, गुडघ्याच्या वर एक वेढा घ्यायचा आणि हुक दोरीतच अडकवायचा. मनगटापेक्षा पाय बरा, कारण हात सतत स्टिअरिंग आणि थ्रॉटलवर फिरत असतो. रोज सकाळी इंजिन सुरू करून दोरी एकदा ओढून बघायची. इंजिन बंद पडलं नाही तर त्या दिवशी बोट किनाऱ्यालाच ठेवायची.

बोटीत दुसरी दोरीही हवी. चालक पाण्यात पडला तर पहिली त्याच्या पायाला असते. मग त्याला आणायला बोट सुरू करणार कशी? ही दुसरी दोरी कुठे ठेवली आहे, हे बोटीतल्या निदान आणखी एकाला निघण्यापूर्वी ठाऊक असायला हवं.