केमोथेरपीसाठी शिरेत नळी बसवणे (ग्रामीण विदर्भ)

कर्करोगाची औषधे, सलाईन, रक्त आणि प्रतिजैविके पुन्हा पुन्हा देता यावीत म्हणून रुग्णाच्या शिरेत नळी बसवण्याची व ती सांभाळण्याची पद्धत. नळीचे तीन प्रकार नेहमी वापरात असतात. हाताला लावलेली साधी कॅन्युला, म्हणजे शिरेत राहणारी छोटी प्लास्टिकची नळी, फार तर काही दिवस टिकते. दंडातून हृदयाजवळच्या मोठ्या शिरेपर्यंत नेलेली पिक लाइन काही महिने चालते. छातीच्या कातडीखाली बसवलेला केमो पोर्ट वर्षानुवर्षे राहू शकतो.

१९२९ मध्ये जर्मनीतील व्हेर्नर फोर्समान यांनी स्वतःच्या कोपराच्या शिरेतून हृदयापर्यंत नळी नेली. १९५३ मध्ये स्वीडनच्या स्वेन-इवार सेल्डिंगर यांनी तारेवरून नळी सरकवण्याची युक्ती दिली. आजही पिक लाइन त्याच तत्त्वाने बसते.

विदर्भात कर्करोगाचे उपचार मुख्यतः नागपूरच्या राष्ट्रसंत तुकडोजी प्रादेशिक कर्करोग रुग्णालयात, शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात, राष्ट्रीय कर्करोग संस्थेत आणि सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयात होतात. गडचिरोली जिल्ह्याच्या दक्षिण टोकाच्या सिरोंच्याहून नागपूर तीनशे किलोमीटरहून दूर आहे. खर्ऱ्यामुळे (सुपारी-तंबाखूच्या मिश्रणामुळे) तोंडाचा कर्करोग झालेल्या माणसाचे तोंड नीट उघडत नाही, त्यामुळे खाणेपिणे आधीच तुटलेले असते. त्यात मे महिन्याच्या उन्हात एस.टी.ने रात्रभर प्रवास करून, अनेकदा ‘उपाशीच यायचे असते’ या समजुतीने, तो केमोच्या खुर्चीत बसतो. अंगातले पाणी कमी झाले की शिरा आक्रसतात, आणि मग सिस्टर म्हणतात, ‘नस भेटत नाही.’ केमोच्या दिवशी डॉक्टरांनी मना केले नसेल तर जेवून आणि पाणी पिऊन यावे, एवढे आदल्या भेटीतच सांगितले तरी बऱ्याच टोचण्या वाचतात.

नळी कोणती बसवायची हे पहिल्या केमोच्या आधीच ठरले पाहिजे. या नोंदीतील सर्वांत महत्त्वाचा मुद्दा हाच आहे. तीन-चार आवर्तने हातातूनच दिली जातात, शिरा दोरीसारख्या कडक होतात आणि मग पिक लाइनचा विचार सुरू होतो. तोवर उरलेल्या शिराही खराब झालेल्या असतात.

कॅन्युलाच लावायची असेल तर शक्यतो कोपर व मनगटाच्या मधली सरळ शीर निवडावी. कोपराचा सांधा, मनगट आणि तळहाताची मागची बाजू टाळावी. स्तनाच्या शस्त्रक्रियेत ज्या बाजूच्या काखेतील गाठी काढल्या असतील, त्या बाजूचा हात शक्यतो टाळतात. २२ क्रमांकाची निळी किंवा २४ क्रमांकाची पिवळी अशी बारीक कॅन्युला बहुतेकदा पुरते. कोमट पाण्याच्या फडक्याने हात शेकल्यास शीर वर येते. दोन प्रयत्न फसले तर त्याच व्यक्तीने तिसऱ्यांदा टोचू नये, अधिक अनुभवी हाताला बोलवावे.

खरा धोका औषध शिरेबाहेर झिरपण्याचा. डॉक्सोरुबिसिन, म्हणजे रुग्ण ज्याला ‘लाल औषध’ म्हणतात ते, मांसात उतरले तर कातडी व खालचा भाग कुजतो. जखम महिनोन्‌महिने भरत नाही. म्हणून सुरू करण्यापूर्वी सिरिंजने ओढून रक्त मागे येते का हे पाहतात, आणि देतानाही मधून मधून पाहतात. जळजळ, सूज किंवा लाली दिसली की औषध तत्काळ थांबवायचे, पण कॅन्युला लगेच काढायची नाही. तिच्यातूनच आधी जितके निघेल तितके औषध मागे खेचायचे. डॉक्सोरुबिसिनसाठी थंड शेक, व्हिनक्रिस्टिन या दुसऱ्या केमो औषधासाठी मात्र गरम. ही अदलाबदल झाली तर नुकसान वाढते. रुग्णाला ‘थोडे जळतेच’ असे सांगून गप्प बसवणे अक्षम्य आहे.

पिक लाइन बसवताना सोनोग्राफीवर दंडातील शीर पाहून तिच्या जाडीच्या निम्म्याहून बारीक नळी घेतात. नळी आत सरकत असताना रुग्णाने मान त्याच हाताकडे वळवून हनुवटी खांद्याला टेकवायची. नाहीतर टोक मानेच्या शिरेत चढते. तसे झाल्यास सलाईन सोडताना कानात खळखळ ऐकू येते, असे रुग्ण स्वतःच सांगतात. शेवटी छातीच्या एक्स-रेवर टोक पाहून मगच औषध सुरू होते. दंडाचा घेर आणि बाहेर उरलेल्या नळीची लांबी कार्डावर लिहून ठेवावी, म्हणजे पुढे सूज आली किंवा नळी सरकली हे गावातही ओळखता येते.

सोनोग्राफी यंत्र ही ग्रामीण रुग्णालयांतील एक अडचण. १९९४ च्या गर्भलिंगनिदानविरोधी कायद्याखाली प्रत्येक यंत्राची नोंदणी लागते आणि ते उचलून वाटेल तिथे नेता येत नाही. हा कायदा आवश्यकच आहे. म्हणून नळी बसवण्यासाठीच्या यंत्राची रीतसर नोंदणी रुग्णालयानेच वेळीच केली पाहिजे.

संसर्ग रोखायला मात्र यंत्र लागत नाही. पीटर प्रोनोव्होस्ट आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये अमेरिकेतील मिशिगनच्या अतिदक्षता विभागांचा अनुभव प्रसिद्ध केला. हात धुणे, रुग्णाला पूर्ण निर्जंतुक चादरीने झाकणे, क्लोरहेक्सिडिन या जंतुनाशकाने कातडी पुसणे, जांघेतील शीर टाळणे आणि गरज संपताच नळी काढणे, एवढ्या पाच गोष्टींनी तिथे रक्तातील संसर्ग सुमारे दोन तृतीयांशांनी कमी झाले.

पुढचे सगळे गावात घडते. पारदर्शक ड्रेसिंग आठवड्याने बदलायचे असते, पण चंद्रपूर-अकोल्याच्या उन्हाळ्यात घामाने ते आधीच सुटते. कापूस वेचताना झोळीचा पट्टा त्या दंडावर येतो. भंडारा-गोंदियाकडे रोवणीच्या बांधीत चिखलाचे पाणी नळीपर्यंत उडते. अशक्तपणा आला की गल्लीतल्या दवाखान्यात ‘एक सलाईन लावून द्या’ म्हणण्याची सवय आहे, आणि तयार नळी दिसली की तिथे तीच वापरली जाते. हे होऊ देऊ नये. लहान सिरिंजने जोर देऊन नळी आतून धुतल्यास ती फाटू शकते. किमान १० मिलिलिटरची सिरिंज हवी. केमोनंतर साधारण ७ ते १४ दिवसांत पांढऱ्या पेशी सर्वांत कमी असतात. त्या काळात नळी असलेल्या रुग्णाला थंडी वाजून ताप आला तर घरी पॅरासिटामॉलवर रात्र काढू नये, त्याच वेळी निघावे.

२०२५-२६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात जिल्हा रुग्णालयांत कर्करोगाची डे-केअर केंद्रे तीन वर्षांत उभारण्याची घोषणा झाली. विदर्भातील अशा केंद्रांनी आपल्या परिसरातील प्राथमिक आरोग्य केंद्रांतल्या नर्सबाईंना पिक लाइनचे ड्रेसिंग आणि नळी धुणे शिकवले, तर आठवड्याची नागपूरवारी टळेल आणि बुडणारी मजुरीही वाचेल.