कानशिलावरची सोनोग्राफी आणि कंपवात: तपासणीला येण्याआधी वाचा

मेंदूच्या सोनोग्राफीत पार्किन्सन, म्हणजे कंपवात, होण्याआधीच कळतो असं मोबाइलवर वाचून बरेच जण आमच्या सेंटरवर चौकशीला येतात. कुणी अक्कलकोटहून वडिलांना गाडी करून आणतं, कुणाला स्वतःचीच तपासणी करून हवी असते. तपासणी खरी आहे, कामाचीही आहे. पण सगळ्यांनी करावी अशी नाही. मशीन आमचंच असलं तरी हे आधीच सांगून ठेवतो.

यात दिसतं काय?

मध्यमेंदूत सब्स्टँशिया नायग्रा नावाचा छोटा भाग असतो. डोपामिन हे हालचालींसाठी लागणारं रसायन तयार करणाऱ्या पेशी तिथे असतात आणि कंपवातात त्याच कमी होत जातात. हात थरथरतोय, चाल मंदावलीय हे घरच्यांच्या लक्षात येईपर्यंत यातल्या निम्म्याच्या आसपास पेशी गेलेल्या असतात. त्यामुळे आजार आधी ओळखण्याची धडपड जगभर चालू आहे. १९९५ साली जर्मनीतल्या गेऑर्ग बेकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं, की कंपवाताच्या रुग्णांत हा भाग सोनोग्राफीत नेहमीपेक्षा जास्त पांढरा दिसतो. तिथे लोह जास्त साचल्याशी याचा संबंध जोडतात.

तपासणी कशी होते?

उपाशीपोटी यायचं नाही, भरपूर पाणी पिऊन लघवी रोखायचीही नाही. कानात मशीन असेल तर काढून ठेवायचं. पडून राहायचं, दिवे मंद करतात, कानाच्या पुढे कानशिलावर गार जेल लावून प्रोब टेकवतात. तिथलं हाड पातळ असतं, लहरी तिथूनच आत शिरतात. पडद्यावर मध्यमेंदू फुलपाखराच्या आकाराचा दिसतो. त्यातला पांढरा भाग आखून त्याचं क्षेत्रफळ मोजतात, मग दुसऱ्या बाजूने तेच. पुष्कळ मशीनवर ०.२० चौरस सेंटिमीटर किंवा जास्त भरलं की ‘वाढलेलं’ धरतात, पण ही मर्यादा मशीननुसार बदलते. किरणोत्सर्ग नाही, दुखत नाही, हात थरथरत असला तरी चालतं. काहींच्या कानशिलाचं हाड जाड असतं आणि आतलं काहीच नीट दिसत नाही, विशेषतः वयस्क बायकांमध्ये. तसं झालं तर आम्ही रिपोर्टवर स्पष्ट लिहितो, अंदाज ठोकत नाही.

पांढरा भाग वाढलेला निघाला तर?

घाबरून जाऊ नका. कंपवाताच्या दहा रुग्णांपैकी साधारण नऊ जणांत तो दिसतो हे खरं, पण दहा धडधाकट माणसांतल्या एखाद्यातही तो असतोच. जर्मनी आणि ऑस्ट्रियात पन्नाशीपुढच्या, कंपवात नसलेल्या १,८४७ लोकांवर तीन वर्षं लक्ष ठेवलं. पांढरा भाग वाढलेल्यांत आजाराचा धोका इतरांच्या सुमारे १७ पट निघाला. सतरा पट ऐकून छातीत धस्स होतं. पण त्या तीन वर्षांत कंपवात झाला तो सगळ्यांत मिळून ११ जणांना! पांढरा भाग वाढलेले बहुतेक लोक त्या काळात ठणठणीतच राहिले.

शिवाय आजार वाढला म्हणून हा भाग वाढत नाही, तो जवळपास तसाच राहतो. तेव्हा दरवर्षीच्या पॅकेजमध्ये ही तपासणी कुणी घालून देत असेल तर सरळ नको म्हणा.

मग करायची कुणी?

खरा उपयोग लक्षणं सुरू झाल्यावर आहे. हात मांडीवर निवांत असताना थरथरतो की चहाची बशी उचलताना? पहिलं कंपवाताकडे बोट दाखवतं, दुसरं बहुधा वेगळं असतं. डॉक्टरांना यात शंका राहिली, किंवा कंपवातासारखाच दिसणारा दुसरा आजार असावा असं वाटलं, की ही सोनोग्राफी मदतीला येते. लक्षणं नसलेल्यांनी आधी न्यूरोलॉजिस्टना भेटावं. शेंगाचटणीतल्या लसणाचा वाससुद्धा येईनासा होणं, जुनं बद्धकोष्ठ, झोपेत स्वप्नासोबत लाथा झाडणं, ओरडणं, या गोष्टी त्यांना जरूर सांगा. यांना दुसरी कारणंही असतात, पण त्या एकत्र आल्या तर डॉक्टर वजन देतात. कंपवात होऊच नये अशी गोळी आज नाही. त्यामुळे चिठ्ठीशिवाय आम्ही ही तपासणी करत नाही. चिडणारे चिडतात.

येताना काय आणायचं?

डॉक्टरांची चिठ्ठी, जुने रिपोर्ट आणि चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं, मेडिकलमधून परस्पर घेतलेल्यांसकट. चक्कर येते म्हणून महिनोन्महिने घेतलेली सिनारिझिन किंवा फ्लुनारिझिन, उलटीसाठीची मेटोक्लोप्रमाइड, काही मानसिक आजारांवरची औषधं, यांनीही हुबेहूब कंपवातासारखी लक्षणं येतात. मात्र कुठलीही गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नका, पाकीट आधी डॉक्टरांना दाखवा.