मेमरी करप्शन, ड्रायव्हरमधील

ऑपरेटिंग सिस्टिमच्या कर्नलमध्ये (गाभ्यात) चालणाऱ्या ड्रायव्हरने (उपकरण चालवणाऱ्या प्रोग्रॅमने) आपल्या ताब्यात नसलेल्या मेमरीत लिहिल्यामुळे होणारा बिघाड. बफरच्या (माहितीसाठी राखलेल्या मेमरीच्या तुकड्याच्या) हद्दीपलीकडे लिहिणे, मोकळी केलेली मेमरी पुन्हा वापरणे, ती दोनदा मोकळी करणे आणि चुकीच्या पत्त्यावर डीएमए (उपकरणाने प्रोसेसरला वगळून मेमरीशी थेट केलेली देवाणघेवाण) होणे हे त्याचे नेहमीचे प्रकार होत. लिनक्स व विंडोजमध्ये बहुतेक ड्रायव्हर कर्नलच्याच पत्त्यांच्या जागेत चालतात. त्यामुळे खराब होते ते बहुधा दुसऱ्याच कोणाचे तरी, आणि क्रॅशच्या नोंदीत नावही त्याचेच येते.

चुकीचा वापर ओळखू यावा म्हणून मोकळ्या मेमरीत ठरावीक आकडा भरून ठेवण्याची युक्ती बरीच जुनी असावी. जेफ बॉनविक यांच्या स्लॅब ॲलोकेटरवरील (कर्नलची मेमरी वाटून देणाऱ्या यंत्रणेवरील) १९९४ च्या निबंधात ती ‘डेडबीफ’ या आकड्यासह आढळते. लिनक्समध्ये तपासणी चालू असताना हीच खूण षोडशमान ‘६बी’ या बाइटची असते. पॉइंटरमध्ये (मेमरीचा पत्ता ठेवणाऱ्या चलात) ‘६बी६बी६बी’ दिसले की अनुभवी माणूस मोकळ्या केलेल्या मेमरीकडे वळतो. २०१५ मध्ये लिनक्स ४.० मध्ये आलेले केसॅन हे मेमरीच्या चुका पकडणारे साधन दर ८ बाइटांमागे १ बाइट हिशेबासाठी राखते आणि मेमरी कोणी घेतली, कोणी सोडली व नंतर कोणी हात लावला, हे तिन्ही कॉल स्टॅकसह (कोणत्या फंक्शनने कोणाला बोलावले त्या साखळीसह) दाखवते. विंडोजमध्ये असेच काम ड्रायव्हर व्हेरिफायर करतो.

दुरुस्तीत पॉइंटर ‘नल’ (रिकामा) आहे का हे तपासणारी ओळ घालून भागवण्याचा मोह होतो. तिने बहुधा क्रॅश लांबतो एवढेच. उदा., उपकरण काढल्यावर ड्रायव्हरने आपली माहिती ठेवलेली मेमरी मोकळी केली, पण रांगेत लावलेले काम त्यानंतर चालले, तर खरा उपाय क्रमाचा असतो : आधी नवे काम लागण्याचे मार्ग बंद करायचे, मग चालू काम संपेपर्यंत थांबायचे, आणि शेवटी मेमरी सोडायची.

मूळ दोष कोणाचा, याबाबत २००८ मधील ई१०००ई (इंटेलच्या नेटवर्क कार्डांचा लिनक्स ड्रायव्हर) प्रकरण बोधक आहे. लिनक्स २.६.२७ च्या चाचणी आवृत्त्यांत इंटेलच्या काही नेटवर्क कार्डांची एनव्हीएम (वीज गेल्यावरही टिकणारी मेमरी) खराब होऊन कार्डे निकामी होऊ लागली. संशय साहजिकच ड्रायव्हरवर गेला. पुढे दिसले, की लिहिणारा एफट्रेस (कर्नलमधील फंक्शनांचा माग काढणारी सोय) होता. सुरुवातीपुरता लागणारा कोड मोकळा झाल्यावरही त्यातील पत्ते एफट्रेसच्या यादीत राहिले. त्याच पत्त्यांवर पुढे कार्डाची एनव्हीएम मॅप झाली. एफट्रेस तेथे ‘कम्पेअर-एक्स्चेंज’ (जुनी किंमत अपेक्षेप्रमाणे असेल तरच नवी ठेवणारी सूचना) चालवी. एक्स८६ प्रोसेसरांवर ही सूचना तुलना फसली तरी लेखनाचे आवर्तन करते. साध्या मेमरीत जुनीच किंमत परत लिहिली जाते, म्हणून नुकसान होत नाही. उपकरणाच्या मेमरीत मात्र ते लेखन भोवले.

ड्रायव्हरमध्ये एनव्हीएमला लेखन-संरक्षण देण्यात आले आणि २.६.२७.१ मध्ये डायनॅमिक एफट्रेस (एफट्रेसचा चालू कोड बदलणारा भाग) बंद करण्यात आला. पहिल्या बदलालाच दुरुस्ती मानण्याचा एक कल आहे. परंतु चुकीचे लेखन त्याने थांबत नव्हते, केवळ कार्ड वाचत होते. त्यामुळे दुसऱ्या बदलाला दुरुस्ती व पहिल्याला बचाव म्हणणे अधिक सयुक्तिक वाटते.

लिनक्स ६.१ मध्ये (२०२२) कर्नलमध्ये रस्ट या प्रोग्रॅमिंग भाषेला आरंभिक आधार मिळाला. तिच्या सुरक्षित भागात मोकळ्या मेमरीचा वापर कंपाइलरच अडवतो. हार्डवेअरशी थेट बोलणारा ‘अनसेफ’ भाग तरीही उरतोच.