परसातल्या पुटिंग ग्रीनमागचा कापडाचा इतिहास

कोल्हापुरात टर्फ, म्हणजे कृत्रिम गवत, म्हटलं की रात्रीच्या दिव्यांखाली चाललेला फुटबॉल डोळ्यांपुढे येतो. ताराबाई पार्क किंवा नागाळा पार्कातल्या बंगल्याच्या परसात पुटिंग ग्रीन, म्हणजे गोल्फच्या सरावाची छोटी हिरवळ, बसवायचं, तर तेही टर्फच, पण त्याची जात वेगळी. त्याचा इतिहास शेतापेक्षा कापडाच्या गिरणीतून अधिक गेलेला आहे. शेजारी इचलकरंजीत १९०४ साली विठ्ठलराव दातारांनी पहिला यंत्रमाग बसवला. तेव्हापासून या जिल्ह्याला सुताची भाषा कळते, म्हणून ही पार्श्वभूमी मला आपल्या जवळची वाटते.

गोल्फमध्ये भोकाभोवतीची अगदी बारीक कापलेली हिरवळ म्हणजे ग्रीन. तिथे चेंडू उडवायचा नसतो, घरंगळत भोकात न्यायचा असतो; यालाच पुटिंग म्हणतात. ७२ फटक्यांच्या मैदानावर ३६ फटके ग्रीनवरचे धरलेले असतात. टोकियो ऑलिंपिकमध्ये भारताची गोल्फपटू अदिती अशोक हिचं पदक एका फटक्यानं हुकलं, तेव्हा गोल्फ कधी न पाहिलेल्या घरांतही पुटिंगचं मोल कळलं. नुसतं पुटिंग खेळण्याची हौसही जुनीच आहे. स्कॉटलंडमधल्या सेंट अँड्र्यूजला महिलांचा पुटिंग क्लब १८६७ साली निघाला.

पूर्वी स्कॉटलंडच्या किनाऱ्यावर हे गवत मेंढ्या आणि ससे चरून आखूड ठेवत. मग १८३० मध्ये एडविन बडिंगनं गवत कापण्याच्या यंत्राचं पेटंट घेतलं. इंग्लंडमधल्या स्ट्राउड या लोकरी कापडाच्या गावचा हा माणूस. विणलेल्या कापडावरची लव छाटणारं यंत्र त्यानं गिरणीत पाहिलं होतं, तेच त्यानं गवतावर आणलं.

खरं ग्रीन घरी का टिकत नाही, तेही इथेच समजून घ्यावं. उष्ण देशांत ग्रीनवर बहुधा हरळीच्या जाती असतात, म्हणजे गणपतीला वाहतो त्या दूर्वांचीच भावंडं. शेतकरी जी उपटून उपटून दमतो ती हरळी इथे जिवापाड सांभाळावी लागते. तीन-चार मिलिमीटरवर जवळजवळ रोज कापणी, शिवाय पाणी, खत, वाळूचा थर. अमेरिकेच्या गोल्फ संघटनेनं १९६० मध्ये ग्रीन बांधण्याची जी रीत घालून दिली, तीत खाली निचऱ्याच्या नळ्या, त्यावर ४ इंच खडी आणि वर १२ इंच वाळूमिश्रित थर आहे. एवढं परसात कोण करणार?

म्हणून गवताला पर्याय शोधणं फार आधी सुरू झालं. भारतातल्या जुन्या छावण्यांत तेल मिसळलेल्या वाळूची 'ब्राउन्स' असत. तालमीच्या हौदातल्या मातीत तेल-ताक मुरवणाऱ्या कोल्हापूरकराला हे लगेच पटेल. १९२२ च्या सुमारास मेक्सिकोत कापूस पिकवणाऱ्या थॉमस फेअरबेर्न या इंग्रजानं सरकीची टरफलं कुटून, त्यात वाळू, तेल आणि हिरवा रंग घालून ग्रीन तयार केलं. अमेरिकेत १९३० च्या आसपास उसळलेली छोट्या गोल्फची लाट याच पृष्ठभागावर उभी राहिली.

पुढची पायरी अमेरिकेच्या जॉर्जिया राज्यातल्या डाल्टन गावची. १८९५ च्या सुमारास कॅथरीन इव्हान्स या मुलीनं चादरीवर जाड सुताचे टाके घातले, त्यांची टोकं कापून झुबके केले आणि चादर गरम पाण्यात धुतली. कापड आटलं, झुबके घट्ट बसले. पुढे या चादरींचा घरोघर धंदा झाला. मग यंत्रं आली आणि डाल्टन गालिच्यांची राजधानी बनलं. आजचं टर्फ याच रीतीनं होतं: सुया प्लास्टिकचा धागा पाठीच्या कापडातून ओवतात, फास कापले जातात आणि आटण्याऐवजी लॅटेक्स किंवा पॉलियुरेथेनचा लेप धागा धरून ठेवतो.

धागा दिला मोन्सँटो या अमेरिकी रसायन कंपनीच्या नायलॉन विभागानं. १९६४ मध्ये अमेरिकेतल्या प्रॉव्हिडन्सच्या मोझेस ब्राउन शाळेत त्यांचं केमग्रास हे कृत्रिम गवत पसरलं गेलं. ह्यूस्टनच्या ॲस्ट्रोडोम या बेसबॉलच्या बंदिस्त स्टेडियममध्ये छताच्या पारदर्शक पट्ट्यांवरून क्षेत्ररक्षकांच्या डोळ्यांवर उजेड येई, म्हणून त्या रंगवल्या आणि खालचं गवत मेलं. १९६६ मध्ये तिथे केमग्रास अंथरलं गेलं आणि ॲस्ट्रोटर्फ हे नाव जगभर झालं. १९७६ च्या माँट्रियल ऑलिंपिकमध्ये हॉकी कृत्रिम मैदानावर आली, भारत सातवा आला. ती सल हॉकीवेड्या कोल्हापुरात अजून बोलली जाते.

फुटबॉलच्या टर्फला लांब पॉलिइथिलीनचा धागा आणि रबराचे दाणे लागतात, तर पुटिंग ग्रीनला आखूड, कुरळा, दाट नायलॉन किंवा वाळू भरलेला पॉलिप्रॉपिलीन. म्हणून फुटबॉलचा उरलेला रोल ग्रीनला चालत नाही. लवेची दिशाही पाहावी. तिच्या बाजूनं चेंडू पळतो, उलटा गेला तर अडतो, त्यामुळे सगळ्या पट्ट्या एकाच दिशेनं जोडाव्या लागतात. ग्रीनवर चेंडू किती पळतो ते मोजायला १९३५ मध्ये एडवर्ड स्टिम्पसननं सुचवलेली खाचेची पट्टी आजही वापरतात. भोकाचा व्यास ४.२५ इंच, हा नियम १८९१ चा.

कोल्हापुरात मात्र खरी कसोटी जमिनीची. शहराच्या पूर्वेकडची काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि वरचं उत्तम टर्फही वाकडं करते. ती काढून मुरूम, खडी, दगडी कच थराथरानं धुमसून, किंचित उतार देऊनच रोल पसरावा. पाणी साठलं की कामच फुकट गेलं. उन्हात हे प्लास्टिक हिरवळीपेक्षा कितीतरी तापतं, हेही लहान मुलं असलेल्या घरानं ध्यानात घ्यावं.

युरोपीय संघानं २०२३ मध्ये रबरी दाण्यांवर बंदी ठरवली, टर्फसाठी ८ वर्षांची मुदत देऊन. पुटिंग ग्रीनमध्ये वाळू असते, तरी धागा झिजतोच आणि पावसाबरोबर नाल्यात जातो. पंचगंगेनं आधीच पुष्कळ सोसलं आहे. झिजलेल्या रोलमधलं नायलॉन, पाठीचं कापड आणि लेप वेगळे करणं अवघड असतं. तेव्हा बसवणारा जुना रोल परत नेणार का, हे आगाऊ विचारून बिलावर लिहून घ्यावं.