आप्पे: नैवेद्याच्या ताटातून नाश्त्याच्या डिशमध्ये

रव्यात ताक कालवायचं, कांदा-मिरची-कोथिंबीर घालायची, चिमूटभर सोडा टाकायचा, की अर्ध्या-पाऊण तासात तिखट आप्पे तयार. महाराष्ट्रातल्या बऱ्याच घरांत आप्प्यांची ओळख एवढीच असते. डब्याला सोयीचे, एका घासात मावणारे, तेल कमी पिणारे. पण मागे जाऊन पाहिलं तर हा त्यांचा अगदी अलीकडचा अवतार आहे. किनारपट्टीवर गोड आप्प्यांचा मान मोठा होता, आणि तो मुख्यतः देवापुढचा होता.

या कुळाचा सगळ्यात जुना धागा अपूप या वैदिक पदार्थापर्यंत नेता येतो. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात अग्नीला तुपाने माखलेला अपूप अर्पण केल्याचा उल्लेख आहे, आणि पाणिनीच्या एका सूत्रातही अपूप येतो. अधिक मासात तेहेतीस अपूपांचं दान सांगितलेलं आहे; आपल्याकडे ते अनारशांनी पुरं होतं. यावरून वैदिक काळी आप्पेपात्र होतं असा अर्थ मात्र काढू नये. धान्याचं पीठ, गोडी आणि तूप यांचा छोटा, हातात धरता येणारा पदार्थ देवाला द्यायचा, ही रीत जुनी आहे, एवढंच खात्रीने म्हणता येतं.

खळग्यांत शिजणारा गोड घास ठळकपणे दिसतो तो केरळात आणि तुळुनाडूत, म्हणजे मंगळूर-कासरगोडच्या तुळू मुलखात, आणि तिथेही गणपतीच्या संगतीत. कोट्टारक्करा इथल्या गणपतीचा प्रसाद म्हणजे उण्णियप्पम. कासरगोडजवळच्या मधूरच्या देवळातही अप्पमचाच प्रसाद मिळतो, आणि तिथल्या ‘मूडप्प’ सेवेत गणपतीची मूर्ती अप्पमांनी झाकली जाते. उण्णियप्पमचं साहित्य पाहा: भिजवून वाटलेले तांदूळ, गूळ, पिकलं केळं, वेलची, खोबऱ्याचे तुपात परतलेले तुकडे, कुठे काळे तीळ. पात्र जाड, काशाचं किंवा पितळेचं. त्याच्या प्रत्येक खळग्यात तूप किंवा खोबरेल इतकं घालतात की पीठ त्यात जवळजवळ तळलंच जातं. बाहेरून गडद तपकिरी, कडेला किंचित कुरकुरीत, आत केळ्यामुळे मऊ.

तिथून किनाऱ्याने वर सरकलं की मंगळूर, उडुपी, कारवार, गोवा आणि सिंधुदुर्ग-रत्नागिरीपर्यंत हा पदार्थ घराघरांत भेटत राहतो. कोंकणीत त्याला आप्पो म्हणतात. केळ्याच्या जोडीला कुठे काकडी येते, कुठे ओला नारळ. तांदळाच्या पिठाऐवजी तांदळाचा किंवा गव्हाचा रवा येतो. तांदूळ, नारळ, गूळ आणि केळी दारातच असलेल्या मुलखाने हा पदार्थ घडवला, असं मला वाटतं.

तिखट आप्प्यांची वाट वेगळी, आंबवलेल्या पिठाची. इ.स. ९२० च्या सुमाराचा ‘वड्डाराधने’ हा कन्नड ग्रंथ ‘इड्डलिगे’चा, म्हणजे जुन्या इडलीचा, उल्लेख करतो. १०२५ च्या सुमारास चावुंडरायाच्या ‘लोकोपकार’मध्ये तिची कृतीच मिळते: उडीद ताकात भिजवायचे, बारीक वाटायचे, दह्याच्या निवळीत कालवायचे आणि जिरे, धणे, मिरे, हिंग घालायचे. पुढे सुमारे ११३० मध्ये कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या ‘मानसोल्लासा’त इड्डरिका आणि धोसक हे इडली-डोशाचे पूर्वज येतात. हे कल्याणी म्हणजे बिदर जिल्ह्यातलं आजचं बसवकल्याण, आपल्या सीमेला लागून. आणि आजच्या महाराष्ट्राचा मोठा भाग तेव्हा याच राज्यात होता. म्हणून उडदाचं आंबट पीठ ‘तिकडचं’ म्हणून बाजूला ठेवणं मला पटत नाही. या जुन्या कृतींत तांदूळ दिसत नाही, रात्रभर आंबवणंही दिसत नाही; आंबटपणा ताक-दह्याचा आहे. आज आपण झटपट आप्प्यांसाठी रवा ताकात भिजवतो, तेव्हा नकळत त्याच युक्तीकडे वळतो.

तांदूळ-उडदाचं पीठ रात्रभर फुगवायचं तंत्र रुळल्यावर उरलेल्या पिठाचा प्रश्न आला. ल्युकोनोस्टॉक हा जिवाणू पिठात वायू तयार करतो, म्हणून दुसऱ्या दिवशी इडली हलकी होते. पण तिसऱ्या दिवशी तेच पीठ जास्तच आंबट होतं आणि इडली दडस होऊ लागते. मग त्यात कांदा, मिरची, कढीपत्ता, मोहरीची फोडणी घालून ते खळग्यांत ओततात. कर्नाटकात त्याला पड्डू म्हणतात, आंध्रात गुंत पोंगनालु, तमिळनाडूच्या चेट्टीनाडात कुळी पणियारम. आंबटपणा इडलीत दोष ठरतो, तोच इथे चव होतो. चेट्टीनाडात त्याच पिठाचे गूळ घालून गोड पणियारमही करतात.

पात्राची करामत मात्र सगळीकडे एकच. डेन्मार्कमध्ये नाताळात होणारे एब्लस्किव्हर, नेदरलँड्सचे पोफर्चेस, ओसाकात १९३५ पासून विकले जाणारे ताकोयाकी, सगळे खळग्यांच्या तव्यावरच होतात. यांचा आपल्याशी काही जुना संबंध आहे असं मी म्हणत नाही. भट्टी नसलेल्या चुलीवर जाड पीठ आतपर्यंत शिजवायचं असेल, तर हा उपाय कुणालाही सुचावा असा आहे. खळगा पिठाला खालून आणि बाजूंनी वेढतो, वर झाकण ठेवलं की वाफ कोंडते. म्हणजे तळ भाजला जातो, माथा वाफेवर शिजतो. कडा सुटल्या आणि माथ्यावरचा ओलेपणा गेला की विणकामाची सुई किंवा लाकडी काडी कडेला खुपसून आप्पा अलगद फिरवायचा. घाई केली तर तो दुभंगतो.

मग हा पदार्थ रोजच्या नाश्त्यात कसा आला? माझ्या मते, विसाव्या शतकात तीन अडथळे दूर झाले म्हणून. पहिला पिठाचा. दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशाचा तांदूळ बंद झाला तेव्हा बंगळूरच्या एमटीआर या उपाहारगृहाने रवा इडली काढली, असं ते सांगतात. ते कसंही असो, दही-ताक, सोडा आणि रवा यांनी रात्रभराची वाट पाहणं संपवलं. दुसरा अडथळा वाटण्याचा. रगडा आणि पाटा-वरवंटा यांच्यावर बायकांचे तास जात. १९६० च्या दशकात मिक्सर आले आणि ते कष्ट ओसरले. स्वयंपाकाच्या इतिहासात या मेहनतीची नोंद फार कमी होते, हे मला खटकतं. नैवेद्याचं कौतुक सगळ्यांनी केलं; वाटणारीचे खांदे कुणी मोजले नाहीत.

तिसरा अडथळा पात्राचा. बिडाचं सात खळग्यांचं पात्र जड असतं. नवं असताना तेल लावून दोन-तीन दिवस मुरवावं लागतं, आणि पहिला घाणा बहुधा चिकटतोच. घासून लख्ख केलं, तर पुन्हा मुरवण्यापासून सुरुवात. १९६८ मध्ये औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, ‘निर्लेप’ने नॉनस्टिक भांडी करायला घेतली, आणि पुढे बारा खळग्यांची हलकी आप्पेपात्रं घरोघरी आली. खळग्याला दोन थेंब तेल पुरू लागलं. आप्पे ‘तळणीचे’ राहिले नाहीत, तब्येतीचे झाले; आता नाचणी आणि ज्वारीचेही होतात.

यात गोड आप्पे मागे पडले, याचं मला वाईट वाटतं. पातळ नॉनस्टिक पात्रात गूळ लवकर करपतो आणि आत कच्चं राहतं. बीड सावकाश तापतं आणि उष्णता धरून ठेवतं, म्हणून गुळाला तेच मानवतं. बिडाचं पात्र आता ऑनलाइनही सहज मिळतं. रवा भिजला की निम्म्यात मिरची-आलं-कांदा घाला, निम्म्यात किसलेला गूळ, कुस्करलेलं केळं, ओला नारळ आणि वेलची. तिखटाचे घाणे आधी काढा. गुळाचा पाक खळग्याला धरतो आणि त्यानंतरचा तिखट आप्पा सुटत नाही. गोडासाठी आच अगदी मंद ठेवा आणि तेलाऐवजी अर्धा चमचा तूप सोडा.